तुम्ही विचारलंत म्हणून: संबळ का उतरवलं?

कार्यक्रम संपला की कुणीतरी गाठून विचारतंच, "बुवा, उभी हयात संबळ वाजवलंत, आता म्हातारपणी नुसत्या गोष्टी सांगत का फिरता?" खांदा दुखतो हे खरं, पण कारण ते नव्हे.

आम्ही कदमराई गोंधळी, तुळजापूरच्या भवानीचे. आमचा गोंधळ रात्रभराचा. चौक भरायचा, घट मांडायचा, दिवटी पेटवायची, गणपतीच्या स्तुतीचा गण म्हणायचा, मग गावोगावच्या देवांना हाका घालायच्या, गोंधळाला यावं म्हणून. एवढ्यात मध्यरात्र व्हायची. आख्यान लागायचं ते त्यानंतर आणि चालायचं पहाटेच्या आरतीपर्यंत. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर भोंगा बंद. हॉलवाल्याला तर त्याआधीच किल्ली हवी असते. यजमान म्हणतात, तासाभरात उरका. आता उरकायचं म्हणजे गाळायचं काय? देवांना गाळता येत नाही. आख्यान गळालं. संबळाला अजून सुपारी मिळते, आख्यानाला कुणी विचारीना. म्हणून संबळ मुलाच्या कमरेला बांधलं आणि मी आख्यान घेऊन शाळांत, ग्रंथालयांत जाऊ लागलो.

वाटतं तितकं सोपं नाही हे. गोंधळात नायक, म्हणजे मुख्य गोंधळी, बोलतो आणि साथीदार मध्येच तोंड घालतो, "आं? कोण म्हणालं?" त्या खोडीवरच कथा पुढे सरकते. एकट्याने सांगताना ते विचारणार कोण? शाळेतली पोरं विचारतात, न सांगता. मोठी माणसं हाताची घडी घालून बसतात. त्यांच्यासाठी जांभूळ आख्यान. पाच नवऱ्यांची द्रौपदी कर्णावर मन गेल्याचं कबूल करते, तिथे घडी सुटते. लोकशाहीर विठ्ठल उमपांनी सत्तरीतही ही द्रौपदी उभी केली. तेव्हापासून वयाची सबब मी सांगत नाही. पूर्वी त्या कबुलीआधी संबळ कडाडायचं. आता मी गप्प राहतो. किती वेळ गप्प राहायचं, हे शिकणंच सगळ्यात जड गेलं. वाजवणाऱ्याचे हात ऐकतात होय? मांडीवर ठेका सुरूच.

शाळेत हरिश्चंद्र सांगतो. कधी चिलया बाळाची मागणी येते, संस्कार म्हणून. ती मी मोडून काढतो. आईने पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडल्याची गोष्ट पाचवीच्या वर्गाला कशाला? आणि बोलवायचंच असेल तर दीड तास द्या. वीस मिनिटांत नुसता गण होतो.