टीव्हीखालचा डबा आणि शनिवारची गिऱ्हाइकं

शुक्रवारी रात्री शटर ओढता ओढता शेठ म्हणाले, "उद्या तो गेम खेळायचा डबा दिवसभर पुढच्या टीव्हीला लावून ठेव. कोण काय म्हणतं ते नीट बघ. संध्याकाळी मला सांग, दहा बनवायचे की नाद सोडायचा."

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाट्यांवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, रविवारी सुट्टी. त्यामुळे शनिवारी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. ग्रँट रोड स्टेशनातून माणसं येतच राहतात, त्यातली निम्मी नुसता भाव काढायला. पुढे काउंटरवर असेंबल केलेले कॉम्प्युटर, ग्राफिक कार्डं, रॅम. माझं टेबल मागे, तिथे कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांची, दुरुस्ती. उपटलेले एचडीएमआय पोर्ट, सरकणाऱ्या स्टिकचे कंट्रोलर, धुळीनं गुदमरलेले पंखे. हे काम मी खूप वर्षं करतोय आणि मनापासून करतोय.

डबा आम्हीच जोडलेला. नोव्हेंबर 2025 मध्ये स्टीम हे ऑनलाइन गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं नवं स्टीम मशीन जाहीर केलं, टीव्हीखाली ठेवायचा, लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत सिस्टीमवर, चालणारा छोटा चौकोनी कन्सोल. तेव्हापासून "तुमच्याकडे येणार का?" ही विचारणा सुरू झाली. पण ह्याच कंपनीचा हातातला स्टीम डेक फेब्रुवारी 2022 मध्ये बाजारात आला, तोही भारतात अधिकृतपणे विकायला आलेला नाही. इथे दिसतात ते कुणाच्या तरी बॅगेतून आलेले. म्हणून शेठच्या डोक्यात आलं की तसाच डबा आपणच का जोडू नये? लहान कॅबिनेट, रायझन 5600, रेडिऑन 6600 कार्ड, 16 जीबी रॅम आणि वर बॅझाइट नावाचं फुकट मिळणारं लिनक्स. बटण दाबलं की थेट कन्सोलसारखा पडदा येतो, माऊस लागत नाही, कीबोर्ड लागत नाही. एएमडी कंपनीचंच कार्ड घेतलं, कारण ते चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, लिनक्सच्या गाभ्यातच, कर्नलमध्ये, असतो. दुसऱ्या बड्या कंपनीच्या कार्डावर हाच कन्सोलचा पडदा अजून रुसतो.

माझ्या मनात धाकधूक होती ती 2015 ची. त्या वर्षी स्टीम मशीन ह्याच नावानं वेगवेगळ्या कंपन्यांनी डबे काढले होते आणि ते पडले. कारण साधं होतं. खेळ विंडोजसाठी लिहिलेले, लिनक्सवर त्यातले मोजकेच यायचे. त्याआधी, 2013 मध्ये, ओउया आला होता. 99 डॉलरचा, अँड्रॉइडवर चालणारा, म्हणजे पोटात लिनक्सच. तोही टिकला नाही, कारण फोनवरचे खेळ टीव्हीवर खेळायला वेगळा डबा कोण घेणार? मात्र 2016 मध्ये निन्टेंडोनं जुन्या खेळांचा तळहाताएवढा एनईएस क्लासिक काढला, तो लाखोंनी खपला. त्याच्या पोटातही लिनक्स होतं. घेणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता आणि त्यांना गरजही नव्हती, त्यांना मारिओ हवा होता. ही गोष्ट मी शेठना आधीच सांगून ठेवली होती: डब्यावर लिनक्स हा शब्द लिहू नका.

सकाळी अकराच्या सुमाराला पहिला घोळका आला. कॉलेजची पोरं, पाठीला सॅका, पावसानं ओल्या. टीव्हीवर चालू असलेली गाड्यांची शर्यत बघून थांबली. एकानं कंट्रोलर उचलला, दोन वळणं घेतली आणि लगेच विचारलं,

"काका, व्हॅलोरंट चालतं ह्याच्यावर?"

"नाही."

"फोर्टनाइट?"

"तेही नाही."

"एफसी, तो फुटबॉलचा?"

मी मान हलवली. कंट्रोलर जागेवर गेला. पोरं वाईट नव्हती, थँक्यू म्हणून गेली. पण त्यांना हवे ते सगळे खेळ एकाच दारात अडलेले आहेत. ऑनलाइन खेळांत चीटिंग पकडायला जो पहारेकरी प्रोग्राम असतो तो विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. लिनक्सवर तो तसा बसत नाही, आणि कंपन्यांना तिथे त्याशिवाय खेळू द्यायचं नाही. दोन मोठ्या पहारेकरी कंपन्यांनी 2021 मध्येच लिनक्ससाठी वाट करून दिली आहे, पण ती उघडायची की नाही हे खेळ काढणाऱ्याच्या हातात. सप्टेंबर 2024 मध्ये जीटीए ऑनलाइनला नवा पहारेकरी बसला आणि स्टीम डेकवाले बाहेर राहिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एपेक्स लेजंड्सनं लिनक्सवरचा आपला दरवाजा स्वतःहून लावला. कारण चीटिंगचंच दिलं. तांत्रिकदृष्ट्या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. जी यंत्रणा वापरणाऱ्याला स्वतः उघडून बदलता येते तिच्यावर पहारा ठेवणं अवघडच. तरी त्यापायी पैसे देऊन खेळणारा प्रामाणिक माणूस बाहेर राहतो, आणि मला ते खटकतं.

दुपारपर्यंत हेच. इंजिनिअरिंगचा एक मुलगा मात्र डेस्कटॉपवर जाऊन टर्मिनल उघडून बसला, पाऊण तास हलला नाही, फार आनंदात होता. घेणार नव्हता.

मग एक गृहस्थ आले, सोबत दहा-बारा वर्षांचा मुलगा. मुलानं पडद्यावर एक खेळ निवडला आणि खाली पट्टी सरकायला लागली. शेडर, म्हणजे चित्र कसं काढायचं ह्याच्या कार्डासाठीच्या सूचना, तयार होत होत्या. खेळ विंडोजच्या डायरेक्टएक्सच्या भाषेत चित्र मागतो, लिनक्सवर ते व्हल्कनच्या भाषेत काढलं जातं, आणि मध्ये प्रोटॉन नावाचा दुभाषा बसलेला असतो. व्हॉल्व्हनं तो 2018 मध्ये आणला. 1993 पासून चालत आलेल्या वाइन ह्या प्रकल्पावर तो उभा आहे. 2015 मध्ये जे नव्हतं ते हेच. आज विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालतात ते त्याच्यामुळे. पण पहिल्यांदा एखादा खेळ उघडला की ही पट्टी सरकते. स्टीम डेकला बरंचसं काम आधी झालेलं तयार मिळतं, कारण सगळे डेक सारखे. आमच्या डब्याला ते स्वतः करावं लागतं.

"हँग झालाय हा," गृहस्थ म्हणाले.

"नाही साहेब, पहिल्याच वेळेला लागतं. दोन मिनिटं थांबा."

"माझ्या भावाकडे पीएसफाइव्ह आहे, बटण दाबलं की चालू. ह्याची वॉरंटी कोण देणार?"

"आम्ही."

"तुम्ही म्हणजे, हे दुकान?"

"हो."

त्यांनी किंमत विचारली. रॅमचे भाव 2025 च्या अखेरीपासून असे चढलेत की पन्नास हजारांच्या खाली आम्हाला परवडत नव्हतं. सोनीच्या ह्या पीएसफाइव्ह कन्सोलची भारतातली किंमत 2022 मध्ये 54,990 झाली होती. त्या आकड्याच्या शेजारी आमचा डबा ठेवला की वडील माणूस कुठे वळेल हे सांगायला नको. मी त्यांना खेळांच्या किमतीचं गणित सांगितलं. नव्या मोठ्या कन्सोल खेळाला पाचेक हजार मोजायचे, आणि स्टीमच्या सेलमध्ये जुने गाजलेले खेळ दोन-तीनशेत मिळतात, दोन वर्षांत बरेच पैसे वाचतात. त्यांनी ऐकून घेतलं. पोरगा मात्र पट्टी संपल्यावर पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020 मध्ये काढलेला राजी खेळत होता. देवळाच्या कमानी, त्रिशूळ घेतलेली मुलगी. वडिलांनी हाक मारली तरी उठेना. हा आपल्या पुण्यात बनलाय म्हटल्यावर वडीलही जरा वाकून बघायला लागले. तरी घेतलं नाही त्यांनी.

मधल्या वेळात टेबलावर एक कन्सोल आला होता, विजेच्या झटक्यानं डिस्क ड्राइव्हची पाटी जळलेला. अशा मॉडेलमध्ये ड्राइव्हची पाटी मदरबोर्डशी जुळवलेली असते. दुसरीकडून चांगली पाटी काढून लावली तरी डिस्क वाचत नाही. मला तो बंद करून परत द्यावा लागला. गिऱ्हाइकाकडे तीसेक डिस्क होत्या, एकेक विकत घेतलेली. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताला येत असूनही जेव्हा "होणार नाही" म्हणावं लागतं, तेव्हा फार लागतं मनाला. स्टीम डेक मी उघडले आहेत. मागे आठ साधे स्क्रू, आतला प्रत्येक भाग ओळखू येतो, सुटे भाग विकत मिळतात, आणि सिस्टीम बिघडली तर कंपनीनंच दिलेली सिस्टीमची पूर्ण प्रत, इमेज, पेन ड्राइव्हवर घेऊन पुन्हा भरता येते, कुणाची परवानगी लागत नाही. मला ह्या लिनक्सच्या डब्याबद्दल आस्था आहे ती इथून आलेली आहे. मोफत आहे म्हणून नव्हे, माझ्यासारख्याला तो उघडता येतो म्हणून.

पाचच्या पुढे एक बाई आल्या, बँकेत नोकरी, गळ्यात ओळखपत्र तसंच. लॅपटॉपचा चार्जर घ्यायला आल्या होत्या. सोबत आठवी-नववीतला मुलगा. चार्जर बघता बघता त्यांची नजर टीव्हीवर गेली.

"हे स्टीम आहे ना?"

"हो ताई."

"कॉलेजात असताना माझं अकाउंट होतं. आता कुठलं असणार!"

मी म्हटलं, बघूया की. पासवर्ड आठवेना. मोबाइलवरून जुन्या ईमेलवर कोड मागवला, ईमेल अजून जिवंत होता. कोड टाकला आणि पडद्यावर त्यांचे खेळ एका ओळीत उभे राहिले. हाफ-लाइफ 2, पोर्टल, पोर्टल 2. त्यांनी पोर्टल 2 उघडलं, तर बाजूला अचिव्हमेंटची यादी आणि प्रत्येकापुढे तारीख, मे 2011. त्या एकदम बोलायच्या थांबल्या. मग मुलाला म्हणाल्या, "हे मी तुझ्या जन्माच्या आधी केलंय. डीव्हीडीच्या डब्यातला नंबर टाकून घेतलेला हा गेम, टीवायची परीक्षा चालू होती."

पोर्टल 2 म्हणजे भिंतींवर जादूची दारं उघडून कोडी सोडवायचा खेळ. त्याचा लिनक्ससाठी वेगळा अवतार आहे, आणि एकाच टीव्हीवर दोघांना मिळून खेळता येतं, पडदा दुभागून. मी दुसरा कंट्रोलर जोडून दिला. सुरुवातीला मुलगा आईला शिकवायला गेला. दुसऱ्या खोलीतच आई म्हणाली, "तू तिथे उभा राहा, निळं दार त्या भिंतीवर मार, आता उडी." मुलगा उडाला आणि बरोब्बर पलीकडे पोचला. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून बघत उभी होती. शेठही गल्ल्यावरून उठून आले. दिवसभरात पहिल्यांदाच व्हॅलोरंट चालतं का, हे कुणी विचारलं नाही.

किती वेळ खेळल्या ते मी पाहिलं नाही, पण सातची लोकल त्यांनी जाऊ दिली. उठताना किंमत विचारली. मी सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या,

"दादा, घरी माळ्यावर जुना कॉम्प्युटर आहे. माझ्या भावाचा. त्याच्यावर हे बसेल का?"

"कार्ड कुठलं आहे?"

त्यांनी भावाला फोन लावला. आरएक्स 580. जुनं, पण एएमडीचं, आणि पोर्टल 2 काय, राजीलाही पुरून उरेल असं. विंडोज 10 होतं त्यावर, म्हणजे 14 ऑक्टोबर 2025 नंतर मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार संपलेलं, आणि त्या प्रोसेसरवर विंडोज 11 बसत नव्हतं. म्हणूनच तो माळ्यावर गेला होता.

"बसेल ताई. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकावी लागेल, रॅम आहे तीच चालेल. पण एक आत्ताच सांगतो, मुलाला मित्रांबरोबर फोर्टनाइट खेळायचं असेल तर ते ह्यावर होणार नाही."

मुलगा म्हणाला, "ते मी फोनवर खेळतो."

त्या गेल्यावर शेठनी विचारलं, "बोल. दहा?"

मी म्हटलं, "दहा नको. तीन बनवा. एक इथे टीव्हीला राहू दे, दोन विकायला. गिऱ्हाईक आहे शेठ, पण सकाळी आली ती पोरं नव्हेत. त्यांना मित्र जिथे आहेत तिथे जायचंय, आणि ते दार आपल्या हातात नाही. गिऱ्हाईक म्हणजे जे दहा-पंधरा वर्षांपूर्वी खेळायचे आणि मग नोकरी, लग्न, लोकल ह्यात सुटले. त्यांचे खेळ विकत घेतलेले पडून आहेत. त्यांना नवा खेळ विकावा लागत नाही."

"आणि त्यांच्या घरी जुने कॉम्प्युटर पडलेत," शेठ म्हणाले.

"बऱ्याच जणांच्या."

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. एसएसडी, साफसफाई, पेस्ट, सिस्टीम बसवणं, एक कंट्रोलर. बेरीज डब्याच्या किमतीच्या पाव भागातही येत नव्हती, आणि नफा मात्र मेहनतीचा, रॅमच्या भावावर न नाचणारा. शेठनी दोनदा बेरीज केली. मग विचारलं, "पाटीवर काय लिहायचं?"

"वर, मोठ्या अक्षरात, कुठले खेळ चालणार नाहीत ते. त्याच्याखाली, जुना कॉम्प्युटर आणा, कार्डाचं नाव सांगा."

"आधी नाही चालणारे? गिऱ्हाईक वाचूनच परत जाईल."

"ज्याला जायचंय तो पाटी वाचून जाऊ दे. पैसे देऊन घरी गेल्यावर कळलं तर तो सोमवारी डबा घेऊन इथेच उभा राहील, आणि त्याचं बरोबर असेल."

शेठनी मान डोलावली आणि तीन कॅबिनेटची ऑर्डर फोनवर दिली. बाकीच्या पैशांच्या एसएसडी मागवल्या.