ग्राफिक कार्डाच्या आधी अर्थिंग

२६ मे, दुपार

नवतपा लागला. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा ही नावं आता रोज तापमानाच्या बातमीत दिसणार. कॉम्प्युटर घ्यायला निघालेला गावातला कुठलाही पोरगा मात्र अजून एकच विचारतो, ग्राफिक कार्ड कोणतं घेऊ? पुण्यात बसून व्हिडिओ बनवणाऱ्यांनी शिकवलेला प्रश्न आहे तो. इकडे विदर्भात पहिला प्रश्न हवेचा आणि दुसरा लाईनचा, म्हणजे विजेचा. कार्डाचा नंबर फार मागे लागतो.

हिशेब सोपा आहे. प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा किती अंश जास्त तापणार हे काम आणि प्रोसेसरवरचा कूलर ठरवतात, आणि तो फरक जवळपास तसाच राहतो. खोली २५ अंशांवर असताना गेम खेळताना ७५ दिसत असतील, तर टिनाच्या खोलीत ४३ असताना ९३ दिसणार. रायझन ५ ५६००जी या, ग्राफिक्स अंगातच असलेल्या, प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे. त्याच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. पोरगं म्हणतं, ‘नेटच खराब आहे.’ नेट बिचारं ठीक असतं.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळ. दुपारी लिहायचं, रात्री खेळायचं. दुपारीच खेळायचं असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा हा प्रोसेसर ४५ वॅटच्या इको मोडवर टाकावा आणि सेकंदाला निघणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, ६० वर बांधून घ्याव्या. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर साठाच्या वरच्या फ्रेम नुसती उष्णताच वाढवतात. जुन्या गेमच्या मेनूत तर चित्र हलतही नसतं आणि मशीन दोन-दोनशे फ्रेम काढत बसते. लॅपटॉपवर पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो. वेग थोडा जातो, पण पंख्याची बोंब थांबते.

कूलरच्या हवेनं खोली दहा-बारा अंशांनी उतरते, पण समोरची खिडकी उघडी असेल तरच. बंद खोलीत कूलर नुसती ओल भरतो. कॅबिनेट थेट झोतात ठेवू नये. झोताबरोबर बारीक थेंब उडतात, बोअरच्या पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे डाग धरून बसतात, आणि पुढे रॅमचा स्लॉट रुसला की कारण कोणाला सापडत नाही.

संध्याकाळ

कापूस हा वेगळा विषय आहे. दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून घरातच गंजी लागते, आणि त्याच घरात कॉम्प्युटर असतो. कापसाचा तंतू हवेत तरंगत पंख्यात ओढला जातो. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो. पंखा काढला की खाली हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर राखाडी नमद्यासारखा थर सापडतो, चिमटीत धरला तर अख्खा सोलून निघतो. धूळ फुंकरीनं जाते, हा थर जात नाही. तो आधी ब्रशनं उचलायचा, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं, कारण मोकळा पंखा वाऱ्यानं मर्यादेबाहेर फिरला की बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर टाळावा, त्याच्या टाकीत पाणी साचलेलं असतं.

रायझनच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावरून हीटसिंक काढताना घाई नडते. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली पेस्ट इतकी घट्ट धरते की लॉक बंद असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून मशीन गरम करायची, बंद करून प्लग काढायचा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळून सुटा करायचा. सरळ वर ओढायचा नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावी. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पुरते, दाबानं ती आपोआप पसरते.

आता लाईन. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार गावोगावी आहे आणि ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडून दिली जाते. कारण ठरलेलं आहे. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. माणसाला त्याची चुणचुण लागते. पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल किंवा फोनची यूएसबी खोचली, तर पोर्ट जळायचीही भीती असते.

मल्टिमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्यायची: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. मात्र मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे लंगडी अर्थिंगही त्यावर धडधाकट दिसते. म्हणून वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावून बघतो. बल्ब मंद पेटला तर अर्थिंग कमजोर आहे. ही चाचणी त्यालाच करू द्यावी आणि तेवढ्या वेळात घरातल्या कोणीही फ्रीज, कूलर, कॅबिनेटला हात लावू नये. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर तो या बल्बनं ट्रिप होणारच, त्याला दोष समजू नये.

आपल्या काळ्या मातीत एक खोट आहे. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते तेव्हा अर्थिंग झकास असते. एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते आणि ऐन उन्हाळ्यात, कूलर चालू असतानाच, अर्थिंग ढेपाळते. खड्ड्यात कोळसा-मीठ असलं तरी उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी हवंच. नवा खड्डा न्हाणीच्या सांडपाण्याजवळ घेतला तर ती आठवणही ठेवावी लागत नाही.

आणि एक जुगाड ताबडतोब काढून टाकावा: सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडणं. मुंग्या थांबतात, म्हणून सगळे खूश. पण घराकडे येणारा न्यूट्रल खांबावर तुटला की चालू उपकरणांतून आलेला पूर्ण २३० व्होल्ट त्याच पिनेवाटे कॅबिनेटवर येतो. डीपीवरच, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच, न्यूट्रल तुटला तर फेजमधला समतोल बिघडून काही घरांत दाब ३०० च्या वर जातो. ‘डीपीत गडबड झाली आणि अख्ख्या गल्लीचे टीव्ही उडाले’ ते यामुळेच. जास्त-कमी दाबाला लाईन तोडणारा प्रोटेक्टर बसवला तर कॉम्प्युटर वाचतो. नुसत्या स्पाइक बस्टरचा इथे भरवसा धरू नये.

रात्री साडेदहा

आठ-नऊला सगळ्यांचे कूलर चालू असतात आणि दाब १७०-१८० वर येतो. मागे लाल स्विच असलेला स्वस्त एसएमपीएस तेव्हा मशीन रीस्टार्ट करतो. ॲक्टिव्ह पीएफसीचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस घेतला तर तो हा दाब सहज झेलतो. कार्डाच्या बजेटमधून पहिला खर्च हाच.

६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. हातात येतात निम्मेच. गेमला मॉनिटरसकट सव्वाशे वॅट लागले तर पंधरा-वीस मिनिटं. फक्त लिहायचं असेल तर अर्धा तास सहज निघतो. शिसे-आम्लाची बॅटरी २५ अंशांच्या वर दर १० अंशांना निम्मं आयुष्य गमावते, म्हणून यूपीएस खिडकीच्या उन्हात नको.

कार्डाशिवायही बरंच खेळता येतं. १६ जीबीची एक रॅम घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्याव्या. डीडीआर४ ३२०० ला एका काडीवर सेकंदाला २५.६ जीबी मिळतात, दोन्हीवर ५१.२, आणि अंगच्या ग्राफिक्सला तीच रॅम वापरावी लागते. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट, पुस्तिकेत एकदा बघून घ्यावं. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू केल्याशिवाय ३२०० ची रॅम बऱ्याचदा ३२०० वर धावत नाही. खेळ १०८० ऐवजी ७२० वर आणला की वीस लाखांऐवजी नऊ लाख ठिपके रंगवावे लागतात, फरक लगेच कळतो.

बाजारात चौथ्या पिढीच्या आय५ चे सेकंडहँड संच ढिगानं आहेत. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ अधिकृतपणे त्यावर बसत नाही. लिहिण्यासाठी लिनक्स मिंट टाकून ते मजेत चालतात. व्हॅलोरंट या गेमसाठी घ्यायचे असतील तर पैसे वाया: विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट लागतं.

नेटसाठी फोन वायफाय हॉटस्पॉटपेक्षा यूएसबीनं जोडावा, पिंगची, म्हणजे नेटच्या प्रतिसादाला लागणाऱ्या वेळाची, उडी कमी होते. विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (मोजक्या डेटाचं) करावं, नाहीतर दिवसाचा दीड जीबी अपडेटच खाऊन टाकतो. ब्लॉगचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून मिनिटा-मिनिटाला सेव्ह करावा, ब्राउझरच्या खिडकीत नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर ‘दुसऱ्या’तला ऱ्य शिफ्ट-जे, डी आणि स्लॅशनं येतो. फोनचा चार-पाच एमबीचा फोटो १२०० पिक्सेल रुंदीवर आणला की दीड-दोनशे केबीत बसतो, आणि टूजीवर घसरलेल्या टॉवरखालीही उघडतो.