हा गाऊची पारी

"पारी जाड आसा," आई म्हणाली, आणि माझ्या तीन महिन्यांच्या तयारीवर पाणी पडलं.

तयारी म्हणजे मोबाईलमधली यादी. हाँगकाँगमधली डिम समची (चहाबरोबर खायचे उकडलेले, तळलेले छोटे पदार्थ) बावीस ठिकाणं, प्रत्येकापुढे मेट्रो स्टेशन, उघडायची वेळ आणि असतील तर मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचे तारे. मार्च महिना, सहा दिवस, मी आणि वेंगुर्ल्याची माझी आई. तिचा पासपोर्ट खास या प्रवासासाठी काढलेला. गेली बारा वर्षं तिथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं यादी बघितली आणि "काकूंना झेपेल तेवढंच कर" एवढंच म्हणाली. मी अर्थातच ऐकलं नाही.

पहिलं ठिकाण कौलूनमधलं, ट्रॉलीवालं. नाव सांगत नाही, कारण लोक तिथे अजून प्रेमानं जातात. हॉल म्हणजे थेट आपलं लग्नाचं कार्यालय: लाल गालिचा, गोल टेबलं, पोरांची पळापळ. बायका ढकलगाड्यांवर बांबूच्या डब्यांच्या चळती घेऊन फिरत होत्या, पदार्थांची नावं पुकारत. हात करून थांबवायचं, झाकण उचलून बघायचं, हवं ते घ्यायचं. मग ती बाई आपल्या कार्डावर शिक्का मारते. "पंगतच की गो ही," आई खूश. मग हा गाऊ आले. पारदर्शक पारीतली उकडलेली कोलंबी. सुंगटं म्हटल्यावर आईचा जीव थाऱ्यावर आला. तिनं एक उचलला, तर तळ डब्यातल्या कागदालाच चिकटला. पारी फाटली, सुंगट हातात, बाकीचं खाली. पंचेचाळीस वर्षं उकडीचे मोदक वळणाऱ्या बाईसमोर हे घडलं.

"अगं, मोदक पातेल्यातून काढला की लगेच पानात पडायला हवा. हे हॉलभर त्याची वरात काढतात," ती म्हणाली.

बोलणं खरं होतं. ट्रॉली दिसायला झकास, पण फिरता फिरता वाफ मरते आणि पारी सुकून चिकट होते. जागेची भाडी, ट्रॉली ढकलणाऱ्यांचा पगार ही कारणं आहेतच. पण शहरातल्या बहुतेक ठिकाणी ट्रॉल्या जाऊन कागदी यादीवर पेन्सिलीनं खुणा करायची पद्धत आली, त्यात हेही एक आहे. खूण केली की डबा सरळ चुलीवरून टेबलावर. गंमत कमी, पारी चांगली.

संध्याकाळी मैत्रिणीनं ती पारी कशी होते ते सांगितलं आणि आईचे डोळे चमकले. गव्हाचं निव्वळ सत्त्व (कणीक नव्हे, आपण कुरडयांसाठी काढतो तसा चीक वाळवून केलेलं पांढरं पीठ), त्यात थोडं टॅपिओकाचं पीठ, आणि वर खळखळतं पाणी. झाकून ठेवायचं, मग गरम असतानाच मळायचं. "म्हणजे उकडच," आई म्हणाली. उकडच. फक्त लाटणं नाही. तेल लावलेल्या रुंद सुरीचं पातं गोळीवर दाबून फिरवायचं की पातळ चकती तयार. कळ्या कमीत कमी सात हव्यात, चांगल्या हाताच्या दहाच्या वर जातात.

त्या रात्री यादीतले तारे रद्द झाले. नवीन परीक्षा आईची: काडीनं उचलल्यावर फाटता कामा नये, दाताला चिकटता कामा नये, आणि आतलं सुंगट बाहेरून गुलाबी दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शाम शुई पोला टिम हो वान. लुंग किंग हीन या पंचतारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये काम केलेले शेफ माक क्वाई-पुई यांनी 2009 साली माँगकॉकच्या एका गल्लीत वीसेक खुर्च्यांचं दुकान थाटलं, त्याला मिशेलिनचा तारा मिळाला आणि ते जगातलं सर्वात स्वस्त तारांकित हॉटेल म्हणून गाजलं. ते मूळ दुकान आता तिथे नाही. फुक विंग स्ट्रीटवरची ही शाखा. त्यांचा भाजलेला छा सिऊ बाऊ (बाऊ म्हणजे सारण भरलेला गोल पाव) मी एकटीनं तीन खाल्ले. वरून साखरेचा खुसखुशीत थर, आत गोडसर पोर्क. आई डुक्कर खात नाही. तिनं लो बाक गो मागवला. पांढरा मुळा किसून, तांदळाच्या पिठात उकडून, वड्या पाडून तव्यावर खरपूस. ती वडी तिनं उलटीपालटी करून बघितली आणि "कोथिंबीर वडीची चुलतबहीण" असं नातं लावून टाकलं. (यातही बहुधा चिनी सॉसेजचे बारीक तुकडे असतात. मी ते शांतपणे वेचून काढले.) हा गाऊ चोख होते. तेवढं झालं आणि आम्ही उठलो. रांग मागे उभी असताना बसून राहणं आम्हा दोघींनाही जमत नाही.

खरा घोळ तिसऱ्या दिवशी झाला. सेंट्रलमधल्या स्टॅन्ली स्ट्रीटवर लुक यू टी हाउस आहे, 1933 पासूनचं. आठव्या शतकात चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या लू यू यांच्या नावाचं. लाकडी कप्पे, रंगीत काचा, छताला पंखे, पांढऱ्या कोटातले वयस्कर वेटर. याच चहागृहात 2002 साली सकाळच्या चहाला बसलेल्या एका बड्या व्यावसायिकाला भाडोत्री मारेकऱ्यानं गोळी घातली होती. मैत्रिणीनं हे सांगताच आईनं पहिला प्रश्न विचारला, "कुठल्या टेबलावर?" चहाची किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, वेटर न बोलावता येऊन पाणी भरतो. आईला हा शोध इतका आवडला की तिनं अर्धी किटली असतानाही झाकण दोनदा तिरकं केलं.

हा गाऊ आले. लहान, घट्ट, पारी इतकी पातळ की सुंगटाची शेपटीकडची लाल रेष दिसत होती. आईनं काडीनं उचलला, उजेडात धरला, कळ्या मोजल्या. अकरा. "एकाच बाजूला कळ्या घालतात, दुसरी बाजू सपाट. मोदकापेक्षा करंजीच्या जवळ. पण हात आसा हो कोणाचा तरी." तिनं तोंडात टाकला, डोळे मिटले. नेमक्या त्याच क्षणी मैत्रीण म्हणाली, "काकू, जुन्या पद्धतीत या सारणात बांबूच्या कोंबाबरोबर थोडी डुकराची चरबी पण घालतात हं, मऊपणासाठी."

आईनं काड्या खाली ठेवल्या. दोन कप चहा प्यायली. बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं.

"सगळीकडे?"

"बहुतेक जुन्या ठिकाणी."

"मग मी ऐकलंच नाही," आई म्हणाली आणि दुसरा उचलला.

चौथ्या दिवशी पहाटे सव्वातीनचा गजर. केनेडी टाऊनच्या स्मिथफील्ड रस्त्यावरचं सन हिंग पहाटे तीनला उघडतं. त्या वेळी मेट्रो नसते आणि ट्रामही नाही, म्हणून लाल टॅक्सी. "काकड आरतीला निघाल्यासारखं वाटतंय," आई शाल घट्ट करत म्हणाली. रस्ता ओला, धुकं, आणि त्या सगळ्या अंधारात ट्यूबलाईटनं झगमगणारं एकच दुकान. आत पाऊल ठेवलं तर जागा नाही! टॅक्सीवाले, वर्तमानपत्र पसरलेले आजोबा, रात्रभर जागलेली विद्यापीठाची पोरं. अनोळखी लोकांच्या टेबलावर रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, विचारायचं नाही. आईनं नुसतं "चा" म्हटलं आणि वेटरला कळलं. कँटोनीजमध्येही चहाला "छा"च म्हणतात, आणि मकाऊच्या पोर्तुगीजांनी तोच शब्द पुढे नेला. चहा आल्यावर आधी प्यायचा नाही. पहिल्या गरम चहानं वाट्या, कप आणि काड्या विसळून पाणी एका भांड्यात ओतायचं. बाहेरच्या भांड्यांवर कधीच विश्वास न ठेवणाऱ्या आईला ही संस्कृती एकदम आपली वाटली.

स्वयंपाकघराच्या दारातून आचारी हातभर उंचीची डब्यांची चळत घेऊन बाहेर आला की सगळं दुकान उठतं. झाकणं आपणच उचलायची. पहिल्या खेपेला मी हात पुढे करेपर्यंत सगळं संपलं. दुसऱ्या खेपेला आई उठली. देवळाच्या प्रसादाच्या रांगेत तयार झालेली कोपरं आहेत तिची. तीन डबे घेऊन परतली. त्यातला एक लाऊ सा बाऊ, म्हणजे वाहत्या वाळूचा बाऊ: आत खारवलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचं गोड-खारट, कढत सारण. आईनं मधोमध चावा घेतला. पिवळा ओघळ मनगटावरून थेट कोपरापर्यंत. समोरचे आजोबा खो खो हसले. मग त्यांनी स्वतःचा बाऊ उचलून दाखवलं: आधी वरून एवढंसं टोक तोडायचं, वाफ जाऊ द्यायची, मग ओठ लावून ओढायचं.

आईनं परतफेड म्हणून त्यांच्या कपात चहा ओतला. त्यांनी दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक केलं. "काय हवंय त्यांना?" आई घाबरली. काही नको, हे आभार. आख्यायिका अशी की छ्येनलुंग बादशहा वेश पालटून फिरत असताना त्यानं आपल्याच सेवकाला चहा ओतला; दंडवत घातलं तर बिंग फुटणार, म्हणून सेवकानं बोटं गुडघ्यासारखी वाकवून टेबलावरच नमस्कार केला. मी हे सांगितलं आणि पुढचा तासभर दोघं एकमेकांना आळीपाळीनं चहा ओतून टकटक करत राहिले. भाषा एकही नाही. हा गाऊ कसे होते ते माझ्या वहीत लिहिलेलं नाही.

पाचव्या दिवशी गावाकडे. च्युएन वानहून 80 नंबरची मिनीबस वळणं घेत चुएन लुंग गावात नेते. हाँगकाँगचा सर्वात उंच डोंगर ताई मो शान, 957 मीटर, त्याच्या पायथ्याचं गाव. तिथलं तुएन की म्हणजे आपल्या घाटातलं एखादं दुमजली हॉटेल. चहाची पत्ती आपण घ्यायची, पाणी आपण ओतायचं, डबे आपण उचलायचे. वरच्या मजल्यावर म्हातारे लोक पक्ष्यांचे पिंजरे टांगून बसलेले, पक्षी गातायत, कुणाला काही घाई नाही. खाली ओढ्याच्या पाण्यावर वॉटरक्रेसचे वाफे. तीच भाजी दहा मिनिटांत वाफवून समोर. आईनं चप्पल काढली आणि पाय वर घेऊन बसली. पाच दिवसांत पहिल्यांदाच. यादीत हे ठिकाण नव्हतंच. मैत्रिणीनं नेलं म्हणून गेलो. हा गाऊची पारी इथे थोडी जाडच होती. मी आईकडे बघितलं. ती पक्ष्यांकडे बघत होती.

"उद्या परत येऊया काय गो?" ती म्हणाली.

सहाव्या दिवशी परत तिथेच गेलो. यादीतली अठरा ठिकाणं तशीच राहिली.

येताना शाम शुई पोच्या किराणा दुकानातून गव्हाच्या सत्त्वाचं एक पाकीट आणलं. मे महिन्यात, मासेमारी बंद व्हायच्या आधी, वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात ते उघडलं. आईनं उकळतं पाणी ओतलं, परात झाकली, गरम गरम मळलं. रुंद सुरी नव्हती, तेल लावलेलं उलथणं दाबून चकत्या केल्या. पारी पहिल्याच फटक्यात काचेसारखी. मी सुंगटांचं सारण भरत होते. एका बाजूला कळ्या घालायच्या, मग थांबायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बोटं थांबेनात, गोल फिरत गेली. बघते तर ताटात टोकदार, एकवीस कळ्यांचा, नाकीडोळी नीटस मोदक. आत सुंगटं.

आम्ही दोघींनी एकदम देवघराकडे बघितलं.

"हा गाऊ आसा तो," आई पटकन म्हणाली. "मोदक म्हणू नको."