ग्रॅम बाजूला ठेवा, आधी मोल काढा

मोलची गणितं आली की भल्याभल्या मुलांचे चेहरे उतरतात, आणि खरं बघायला गेलं तर त्यात गणित असं फारसं काही नाहीच, गुणाकार भागाकार एवढंच, तेही बरेचदा तोंडी होणारं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्याला वजनकाट्यावर दिसतात ग्रॅम आणि रिअ‍ॅक्शन होते ती कणाकणांमध्ये, अमोनिया व्हायला एका नायट्रोजनच्या रेणूला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात म्हणजे तीनच लागतात, मग त्यांचं वजन काहीही भरो. माझं तर ठाम मत आहे की ही एक गोष्ट पक्की बसली की फॉर्म्युले पाठ करायची गरजच उरत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

मोल म्हणजे डझनासारखं, एका ठरावीक संख्येचं नाव, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर खरा प्रश्न तसाच राहतो, की एवढा विचित्र आकडा कशाला घेतला? ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, म्हणजे सहावर तेवीस शून्य! सरळ एखादा गोल आकडा का नाही घेतला? तर त्याचं उत्तर असं की अणूंची वस्तुमानं आपण ज्या एककात मोजतो ते एकक ग्रॅमच्या मानाने भयंकर छोटं आहे, आणि अशी किती एककं एकत्र केली की बरोब्बर एक ग्रॅम होतो हे काढलं की हाच आकडा येतो. म्हणून तर पाण्याचा एक रेणू १८ एककांचा आणि पाण्याचा एक मोल १८ ग्रॅमचा. आकडा तोच राहतो, फक्त मागचं एकक बदलतं. आपल्या सोयीसाठी मुद्दाम निवडलेली संख्या आहे ती, आणि ही सोय कळली ना की मोलची भीती निम्मी तिथेच जाते.

आधी व्याख्या अशी होती की कार्बन-१२ च्या (म्हणजे १२ वस्तुमानाच्या कार्बनच्या) १२ ग्रॅममध्ये जेवढे अणू तेवढे कण म्हणजे एक मोल. २० मे २०१९ पासून मात्र आकडाच कायमचा ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, ना कमी ना जास्त. आपल्या गणितांना याने काही फरक पडत नाही. आणि गंमत बघा, ज्या अ‍ॅव्होगॅड्रोचं नाव या आकड्याला आहे त्याने तो कधी काढलाच नव्हता. त्याने १८११ मध्ये एवढंच म्हटलं की तापमान आणि दाब सारखा असेल तर वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूही सारखेच असतात. त्याकडे कितीतरी वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही, पाण्याचं सूत्र एक हायड्रोजन एक ऑक्सिजन असं लिहिणारे आणि ऑक्सिजनचं वस्तुमान ८ धरणारे केमिस्ट तेव्हा पुष्कळ होते. शेवटी १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहेच्या परिषदेत कॅनिझारो या इटालियन केमिस्टने हाच विचार पुन्हा मांडला आणि तिथून पुढे हळूहळू सगळ्यांच्या अणुवस्तुमानांचा मेळ बसायला लागला. आज आपण मूलद्रव्यांचा तक्ता उघडून ऑक्सिजनला १६ लिहितो तो १६ असा भांडूनतंडून मिळालेला आहे.

रेणुवस्तुमान काढणं म्हणजे रेणूतल्या अणूंच्या वस्तुमानांची नुसती बेरीज. कार्बन डायऑक्साइड १२ अधिक ३२ म्हणजे ४४, ग्लुकोज ७२ अधिक १२ अधिक ९६ म्हणजे १८०. क्लोरीनचा ३५.५ बघून अर्धा कण कुठून आला असं मुलं विचारतात, तर तसं काही नाही, निसर्गात ३५ वाला क्लोरीन साधारण तीन भाग आणि ३७ वाला एक भाग असतो, त्याची ती सरासरी.

मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटच्या निळ्या खड्यांचं. कॉपर सल्फेटच्या सूत्रात शेवटी एक टिंब आणि पुढे पाण्याचे पाच रेणू लिहिलेले असतात, ते नुसते शोभेला नाहीत, प्रत्येक सूत्रामागे पाच रेणू पाणी खरोखर त्या खड्यात अडकलेलं असतं. बेरीज करा, कोरडं कॉपर सल्फेट १५९.५, पाणी ५ गुणिले १८ म्हणजे ९०, एकूण २४९.५. म्हणजे हातात घेतलेल्या त्या कोरड्या ठणठणीत निळ्या खड्याचा ३६ टक्के भाग पाणी आहे! परीक्षानळीत थोडे खडे घालून बेताने तापवले की निळा रंग फिका होत होत पांढरट भुकटी उरते आणि नळीच्या वरच्या गार भागावर आतून पाण्याचे थेंब जमलेले दिसतात. २४.९५ ग्रॅम खडे घेतले असतील आणि सगळं पाणी गेलं तर उरणार १५.९५ ग्रॅम, बरोबर ९ ग्रॅम कमी, म्हणजे पाण्याचा अर्धा मोल. कागदावरची बेरीज काट्यावर अशी दिसते ना, तेव्हा फार बरं वाटतं. त्या गार झालेल्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाकले की निळा रंग परत येतो आणि नळी हाताला गरम लागते.

आता जिथे हमखास गडबड होते ते. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम हायड्रोजन घेतला, अमोनिया किती मिळेल? बघितल्या बघितल्या वाटतं की हायड्रोजन कमी आहे, तोच आधी संपणार. पण मोल काढा, म्हणजे ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागा. नायट्रोजन २८ भागिले २८ म्हणजे १ मोल, हायड्रोजन १० भागिले २ म्हणजे ५ मोल (इथे १ ने भागू नका, हायड्रोजन वायू जोडीने असतो, आणि समीकरणातला ३ पण इथे आणू नका, त्याचं काम नंतर आहे). आता समीकरणाकडे बघा, एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन आणि त्यातून दोन अमोनिया. म्हणजे ५ मधले ३ मोल वापरले गेले आणि नायट्रोजन संपला! जो वजनाने जवळजवळ तिप्पट होता तोच आधी संपला. अमोनिया २ गुणिले १७ म्हणजे ३४ ग्रॅम आणि उरलेला हायड्रोजन ४ ग्रॅम, सुरुवातीला ३८ ग्रॅम होते आणि शेवटीही ३८च. ही शेवटची बेरीज करून बघायची सवय लावाच, अर्ध्या मिनिटाचं काम असतं. (खरं तर ही रिअ‍ॅक्शन कधीच पूर्ण होत नाही, उलट दिशेनेही चालू असते, गणितात आपण ती पूर्ण झाली असं धरतो.)

कोणत्याही वायूच्या एका मोलचं आकारमान २२.४ लिटर हे सगळ्यांना पाठ असतं, फक्त ते ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबाला आहे एवढं विसरू नका, २५ अंशाला तेच साधारण २४.५ होतं.

बाँडचा (म्हणजे कणांना जोडून ठेवणाऱ्या बंधांचा) धडा आणि मोलचा धडा वेगवेगळे शिकवतात हे मला अजिबात पटत नाही. कारण आपण नक्की काय मोजतोय हे बाँडच ठरवतो. मिठात रेणू नसतोच, प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण) सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम अशी रचना खड्याच्या टोकापर्यंत चालू राहते, त्यामुळे ५८.५ हे रेणूचं नव्हे तर सूत्राचं वस्तुमान. आणि एक मोल मीठ पाण्यात विरघळलं की दोन मोल आयन होतात, ग्लुकोजचा एक मोल मात्र एकच राहतो कारण त्याचे सहसंयुज बंध (अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेले) पाण्यात तुटत नाहीत.

शिवाय बाँडची एनर्जीसुद्धा दर मोलमागेच देतात. तोडायला एनर्जी द्यावी लागते, जुळताना ती बाहेर पडते, हे उलटं झालं की चिन्हच चुकतं. मिथेन जाळून बघू. एका मिथेनला दोन ऑक्सिजन, म्हणजे तुटणार चार कार्बन-हायड्रोजन बंध (प्रत्येकी ४१३) आणि दोन ऑक्सिजन-ऑक्सिजन दुहेरी बंध (प्रत्येकी ४९८), एकूण २६४८ किलोज्यूल. जुळणार कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध (प्रत्येकी ७९९) आणि दोन पाण्यांमधले मिळून चार ऑक्सिजन-हायड्रोजन (प्रत्येकी ४६३), एकूण ३४५०. फरक ८०२ किलोज्यूल, तेवढी उष्णता बाहेर पडते, पाणी वाफेच्या रूपात धरलं तर. यातले काही आकडे सरासरी असतात त्यामुळे पुस्तकागणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण हे एका मोलचं झालं, म्हणजे १६ ग्रॅम मिथेनचं. प्रश्नात ४ ग्रॅम दिला असेल तर पाव मोल, साधारण २०० किलोज्यूल, झालं उत्तर.