घसरता ठोकळा आणि गतिक घर्षणाचा गुणांक

भाच्याच्या अकरावीच्या प्रयोगवहीत गतिक घर्षण गुणांकाचा (सरकत्या वस्तूवरचे घर्षण भागिले पृष्ठभागाचा तिच्यावरचा लंब दिशेतला रेटा) प्रयोग वाचताना एक चूक खटकली. फळीचे एक टोक हळूहळू उचलावे, ठोकळा आपणहून घसरू लागताच कोन मोजावा आणि त्या कोनाचा टॅन (उंची भागिले पाया) हाच गुणांक समजावा, असे त्याने लिहिले होते. कृती चांगलीच आहे, परंतु सुटेपर्यंत ठोकळा स्थिर असल्यामुळे तिच्यातून हाती येतो तो स्थितिक घर्षणाचा गुणांक.

हा फरक ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच उतरणीचा विचार करून दाखवला होता. दोन्ही घर्षणे सारखी असती, तर उतार जरासा वाढताच ठोकळा अगदी संथपणे सरकू लागला असता. प्रत्यक्षात मात्र तो एकदा सुटला की भरभर खाली येतो, म्हणजे गतीत असताना घर्षण कमी झालेले असते.

रविवारी आम्ही १ मीटर लांबीची फळी घेऊन हे घरीच करून पाहिले. एक टोक ४० सेंटिमीटर उचलल्यावर ठोकळा सुटला. पायथागोरसच्या नियमाने पाया सुमारे ९२ सेंटिमीटर येतो, म्हणून स्थितिक गुणांक ०.४४. (कोनमापक शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा मोजपट्टीने उंची मोजणे मला अधिक भरवशाचे वाटते.) मग उंची ४२ सेंटिमीटर ठेवून, ठोकळ्याला ८० सेंटिमीटर अंतर कापायला किती वेळ लागतो, ते मोबाइलवर चित्रित केले. सेकंदाला ३० चौकटी या हिशेबाने ३६ चौकटी, म्हणजे १.२ सेकंद लागले. ठोकळा स्थिर अवस्थेतून निघाला असल्याने अंतराच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागले की त्वरण मिळते, ते १.११ मीटर प्रति सेकंद वर्ग आले.

पुढचे गणित न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचे. उताराच्या दिशेने खेचणाऱ्या गुरुत्वबलाच्या घटकातून घर्षण वजा केले की उरलेले बल त्वरण घडवते. त्यामुळे गुणांक म्हणजे कोनाचा टॅन, वजा त्वरण भागिले (गुरुत्वत्वरण ९.८ गुणिले कोनाचा कोसाइन, म्हणजे पाया भागिले फळीची लांबी). टॅन ०.४६ आणि वजा होणारी संख्या ०.१२५ येते; दशांशाची पुढची स्थळे शेवटपर्यंत राखली, तर उत्तर ०.३४ मिळते.

येथे वेळ मोजण्यात कसूर चालत नाही, कारण वेळेचा वर्ग होतो. थांबघड्याळाचे बटण दाबताना ०.१ सेकंदाची चूक सहज होते आणि तेवढ्यानेच उत्तर ०.३१ ते ०.३६ यांच्यामध्ये कुठेही जाऊ शकते. प्रयोगवहीत ०.३३७९ असे चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहिण्याची हौस म्हणूनच मला अनाठायी वाटते.

वेळ न मोजताही पडताळा घेता येतो. उतार कमी करून ठोकळ्याला बोटाने हलकी टिचकी मारायची आणि तो समान वेगाने सरकत राहील अशी उंची शोधायची. तेव्हा त्वरण शून्य असते, म्हणून कोनाचा टॅन हाच खरोखर गतिक गुणांक ठरतो. वेग समान आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवणे अवघड असते. आम्हाला ३१ ते ३४ सेंटिमीटरपर्यंतची प्रत्येक उंची योग्य वाटली, म्हणजे गुणांक ०.३३ ते ०.३६.

ठोकळा जड केला तर उत्तर बदलेल, यावर भाचा ठाम होता. त्यावर पाव किलोचे वजन ठेवून आम्ही पुन्हा चित्रण केले, तेव्हा ३७ चौकटी भरल्या आणि गुणांक पुन्हा ०.३४ आला. मग समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान त्याने स्वतःच खोडले.