२४ ओळींपैकी १९

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात साक्री तालुक्यात, सेलबारीच्या उतारावरची दीड एकराची शिराझ या लाल वाईनच्या द्राक्षाची बाग जेसीबीने उपटली जात होती आणि ती माझ्याच शेऱ्यावरून उपटली जात होती. मी एका वाईनरीसाठी करार-शेतकऱ्यांच्या बागा पाहतो. डिसेंबरच्या पाहणीत मी त्या बागेपुढे ‘काढून नवीन लागवड करावी’ असे लिहिले होते. नियमाने पाहिले तर शेरा बरोबरच होता. करारात एकरी किमान चार टन माल धरलेला आहे आणि या बागेने या हंगामात दीड एकरात मिळून साडेतीन टन दिला. काही खोडे खोडकिडीने पोखरलेली होती, ओलांडे, म्हणजे खोडावरून तारेवर आडव्या नेलेल्या फांद्या, जागोजागी रिकामे पडले होते आणि तारा ढिल्या झाल्या होत्या.

बाग २२ वर्षांची आहे. युरोपातल्या माणसाला हे वय ऐकून हसू येईल, परंतु तिकडची वेल हिवाळाभर झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वर पेस्ट. म्हणजे या वेलींनी चाळीसहून अधिक छाटण्या सोसल्या आहेत. वेलीचे वय आपण छाटण्यांनी मोजायला हवे, असे मला आता वाटते.

फेब्रुवारीत तोडणीआधी नमुना घेतला, तेव्हाच मी थांबायला हवे होते. नोंदवहीत आकडे आहेत. या बागेचा रस २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप), शंभर मण्यांचे वजन ९५ ग्रॅम. बांधापलीकडची आठ वर्षांची, डॉगरीज या दुसऱ्या जातीच्या वेलीच्या मुळांवर (खुंटावर) कलम केलेली शिराझ त्याच दिवशी २१.५ ब्रिक्सवर होती आणि तिचे शंभर मणी १४० ग्रॅम भरले. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा मण्याच्या सालीत असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. मणी चिरडल्यावर बोटांवर बसलेला जांभळा रंग साबणाने निघाला नव्हता. तरीही ती साडेतीन टन द्राक्षे इतर अकरा शेतकऱ्यांच्या मालाबरोबर एकाच टाकीत गेली, कारण आमच्याकडे पैसे वजनावर मिळतात आणि टाकी जातीवर ठरते. डोंगर, माती आणि वेलीचे वय यांना आमच्या तक्त्यात रकानाच नाही. आमच्या वाईनमेकरचे नाक फार चांगले आहे, पण गेल्या तीन वर्षांत ते एकदाही बागेत आलेले नाहीत आणि हे मला खटकते.

त्यांनीच दोन वर्षांपूर्वी आम्हाला सिसिलीतल्या एटना पर्वताची एक लाल वाईन चाखायला दिली होती. रंग फिका, अगदी पारदर्शक, पण तुरटपणा जिभेवर बराच वेळ राहणारा. ती नेरेल्लो मस्कालेझे या जातीची होती. १९६८ पासून नियमाने संरक्षित असलेल्या एटनाच्या लाल वाईनमध्ये ही जात किमान ८० टक्के असावी लागते. त्या जागत्या ज्वालामुखीच्या उतारावर, काळ्या लाव्हाच्या दगडांनी बांधलेल्या ताली आहेत आणि त्यांवर तारेशिवाय, एकेका काठीच्या आधाराने झुडपासारख्या वाढवलेल्या वेली आहेत. काही शंभरी ओलांडलेल्या आहेत आणि स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपभरच्या बागा संपवल्या, पण त्या वाळूसारख्या मातीत तिला नीट शिरकाव करता आला नाही. पुढे मजुरीच परवडेना म्हणून तिथल्याही कितीतरी ताली ओस पडल्या होत्या, हेही वाईनमेकरनी सांगितले होते. तेव्हा मी ते नुसते ऐकून घेतले.

त्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा पाच ओळी निघाल्या होत्या. सहाव्या ओळीतली पहिली वेल बकेटने ओढली, ती आली नाही; दुसऱ्यांदा ओढल्यावर खोड मोडून आले आणि बाजूचा खडक उघडा पडला. मी खड्ड्यात उतरलो. वर वीतभर काळी माती, खाली कमरेएवढा पिवळसर मुरूम आणि त्याखाली तडे गेलेला काळा पाषाण. त्या तड्यांत मुळे शिरली होती आणि दाबली जाऊन खाटेच्या नवारीसारखी चपटी झाली होती. एक मूळ मी हाताने मोकळे करत गेलो, ते माझ्या उंचीहून खोल जाऊनही संपले नाही. ठिबकवर वाढवलेल्या बागांत मुळांचे जाळे दोन-तीन फुटांत, ड्रीपरखाली गोळा झालेले मी रोज पाहतो. ही बाग मात्र लावताना कलमांचा खर्च झेपत नव्हता म्हणून साध्या काड्या रोवून, म्हणजे स्वतःच्याच मुळांवर लावलेली होती. आपला हा बेसाल्ट एटनाच्याच जातकुळीतला, पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. सपाटीवर त्याची चिकण काळी माती झाली, उतारावर मात्र अजून मुरूम आणि दगड शिल्लक आहे. तो पाषाण फोडायला वेलीला २२ वर्षे लागली होती आणि नवीन लागवडीला ती पहिल्यापासून लागली असती.

मी जेसीबी थांबवायला सांगितले. बागेचे मालक आप्पा बांधावर बसले होते. ते म्हणाले, “मन्हा बापनी लायेल बाग शे, भाऊ. आते तुमीनच सांगा.” डिसेंबरमध्येही त्यांनी निर्णय माझ्यावरच सोडला होता. एक वर्ष थांबा, असे मी म्हणालो. त्यांनी वाढीव भावाचे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी ते तसे स्पष्ट सांगितले. तासाचे भाडे ठरलेले असूनही त्यांनी यंत्र परत पाठवले. ते भाडे मी दिले.

वाईनरीत परतल्यावर पुढच्या फेब्रुवारीत या मालासाठी वेगळी छोटी टाकी द्यावी, असे मी लेखी मागितले आहे. वाईनमेकर तयार आहेत; भावाबद्दल मात्र व्यवस्थापनाचे म्हणणे असे की आधी वाईन दाखवा. ज्या द्राक्षांची वाईन दाखवता आली असती, ती मीच मिसळायला पाठवून बसलो आहे. निघालेल्या ३०० वेली बांधावर रचलेल्या आहेत.

उरलेल्या १९ ओळींची खरड छाटणी १० एप्रिलला ठरली आहे. टोळीला आवर घालायला मी स्वतः जाणार आहे, कारण आमच्याकडे जुने लाकूड खोडालगत साफ कापायची सवय आहे आणि त्या मोठ्या जखमेतून लाकूड आतपर्यंत मरत जाते. या वेळी दोन बोटे लाकूड राखून कापायचे, जखमा खोडाच्या एकाच बाजूला ठेवायच्या आणि जिथे ओलांडा रिकामा आहे तिथे खालून फुटलेली काडी वर न्यायची, असे ठरवले आहे. पहिल्या ओळीतल्या वेलींवर कुठे कापायचे, त्या खुणा मी चुन्याने करून आलो आहे.