घोडीचा निम्मा वाटा

कोल्हापुरात वाढलेल्या मुलीचा घोड्याशी संबंध येऊन येऊन येणार किती? लहानपणी रंकाळ्याच्या काठावर मारलेली एखादी फेरी आणि लग्नाच्या वरातीत बँडच्या आवाजाने बिचकणारे नवरदेवाखालचे जनावर, एवढाच माझा अनुभव. म्हशीची गोष्ट मात्र वेगळी. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेल्या धारेचा पेला रिकामा केल्याशिवाय ज्यांची संध्याकाळ होत नाही, अशा आबांची मी मुलगी. म्हणूनच इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहायला आल्यानंतर तिसऱ्या वर्षी माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने 'शेअर'वर घोडी घ्यायची आहे असे सांगितले, तेव्हा तो व्यवहार मला परका वाटला नाही. ही तर आपली अर्धल, निम्म्या वाट्याने जनावर सांभाळायला देण्याची रीत, असे मी मनाशी म्हटले, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली.

इकडे घोडा विकत घेण्यापेक्षा तो पोसणे महाग पडते. तबेल्याचे भाडे, गवत, पेंढा, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, वर्षाच्या लसी, दातांची तपासणी आणि विमा हा खर्च घोडा नुसता उभा असला तरी चुकत नाही. ज्यांना नोकरीमुळे रोज जाणे जमत नाही किंवा ज्यांची मुले शिकायला दूर गेली आहेत, असे मालक मग घोडा दुसऱ्याला वापरायला देतात. संपूर्ण घोडाच सांभाळायला दिला तर त्याला 'लोन' म्हणतात. हा शब्द ऐकून आपल्याला बँक आठवते, पण इथे व्याज नसते. घेणाऱ्याने सगळा खर्च उचलायचा आणि मालकी मात्र मूळ मालकाचीच राहायची. आठवड्यातले ठरावीक दिवस घेतले तर तो 'शेअर'. अमेरिकेत याच प्रकारांना 'फुल लीज' आणि 'हाफ लीज' म्हणतात व तिथे बहुधा भाडेही घेतात. यातले कितीतरी व्यवहार ओळखीपाळखीने, तबेल्याच्या दारात उभ्या उभ्या होतात.

आमचाही तसाच झाला. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार लेकीचे. महिना नव्वद पौंड. शिवाय नालेचा निम्मा खर्च. घोडी तपकिरी रंगाची, चौदा 'हँड' उंचीची होती. एक हँड म्हणजे चार इंच, आणि ही उंची खांद्यापर्यंतच मोजतात. मालकीण स्वभावाने अतिशय गोड, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी. तिने चहा दिला, मी चिवडा दिला, आणि घोडी आजारी पडली तर काय करायचे असे मी विचारल्यावर ती म्हणाली की तशी वेळ आली तर आपण बघून घेऊ.

त्या रात्री फोनवर हे सगळे ऐकून आबांनी एकच प्रश्न विचारला : "आगं, बसवलंस कुणाला?"

आबांच्या प्रश्नाचा अर्थ कळण्यासाठी आपल्याकडची अर्धल कशी चालते ते आठवावे लागते. आबांनी गावाकडे दोन रेड्या अर्धलीने दिलेल्या आहेत. देताना त्या दिवशीची किंमत चार माणसांसमोर बांधली जाते. वैरण, पाणी, शेणघाण सांभाळणाऱ्याकडे. रेडी मोठी होऊन विकली की बांधलेल्या किमतीच्या वरचे पैसे निम्मे निम्मे होतात. जनावर दगावले तर मालकाचे जनावर गेले आणि सांभाळणाऱ्याचे कष्ट गेले, कुणी कुणाला मागायचे नाही, असा आमच्या गावचा रिवाज आहे. कागद तिथेही नसतो. पण भांडण झालेच, तर काय ठरले असेल हे गावातल्या कुणालाही न विचारता सांगता येते, कारण सगळ्यांचे सारखेच ठरलेले असते. आमच्या त्या चहा-चिवड्याच्या बैठकीला हा आधार नव्हता. मालकिणीच्या मनातली रीत वेगळी, माझ्या मनातली वेगळी, आणि दोघींनाही आपलीच रीत जगाची वाटत होती.

पाच महिने उत्तम गेले. लेक पहाटे उठून घोडीला खरारा करू लागली. जी मुलगी स्वतःचे ताट उचलत नाही, ती लीद उचलताना पाहून मला कौतुक वाटावे की राग यावा, ते कळेना. मग एप्रिल आला. इकडे एप्रिलात गवत अक्षरशः रात्रीतून वाढते, आणि त्या कोवळ्या गवतात साखर इतकी असते की सहज अंग धरणाऱ्या घोड्यांना ते बाधते. खुराच्या आत, हाड आणि खुराची भिंत यांना धरून ठेवणारे नाजूक पदर असतात, ते सुजतात. या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. तो बळावला तर आतले हाड जागेवरून फिरते आणि घोडा कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून वसंतात अशा घोड्यांना मोकळ्या कुरणात सोडत नाहीत. बारीक विजेचा प्रवाह असलेली पांढरी पट्टी खुंट्यांवर ताणून कुरणाचा छोटा तुकडाच चरायला देतात आणि ती पट्टी रोज थोडी थोडी पुढे सरकवतात.

एका शनिवारी लेक तबेल्यात गेली तेव्हा घोडी विचित्र उभी होती. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर, आणि वळायला सांगितले तर नकार. लेकीने खुराला हात लावला तर तो गरम. खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला बोट ठेवल्यावर नाडी ठणठण उडत होती; एरवी ती चाचपडूनही नीट सापडत नाही. डॉक्टर आले, एक्स-रे काढले, हाड फिरले नव्हते. वेदनाशामक औषधे, जाड पेंढ्याचे अंथरूण आणि कित्येक आठवड्यांची सक्तीची विश्रांती असा उपचार ठरला, आणि बिल झाले सहाशे चाळीस पौंड.

मालकिणीने निम्मे मागितले. आपले "निम्मा खर्च" असे ठरले होते, असे तिचे म्हणणे. ते फक्त नालेपुरते होते, असे माझे. तिने विम्याकडे अर्ज करावा असे मी सुचवले, तेव्हा कळले की विम्याचा हप्ता तिने हिवाळ्यातच थांबवला होता. मग ती म्हणाली की लेकीने कडक रस्त्यावर फार दौडवले. मी म्हणाले की नालबंदाची तारीख तुम्ही दोनदा पुढे ढकललीत. घोडीवर बसताच येत नसताना महिन्याचे नव्वद पौंड द्यायचे की नाही, हा आणखी एक वाद उपटला. आम्ही घेतलेला लगाम तिच्या कुलपात राहिला. गल्लीत समोरासमोर आलो तर दोघीही मोबाइलमध्ये बघू लागलो. तबेल्याच्या चालक बाई मधल्या मध्ये सापडल्या आणि त्यांनी दोघींचेही म्हणणे ऐकून घेऊन कोणाचेच खरे मानले नाही.

याच काळात मी कायदा वाचला. तो आधी वाचायला हवा होता. तोंडी करारही इंग्लंडमध्ये बंधनकारक असतो, फक्त तो सिद्ध करावा लागतो. अशा रकमेचा दावा स्मॉल क्लेम्सच्या साध्या मार्गाने वकिलाशिवाय करता येतो. त्याची सर्वसाधारण मर्यादा १०,००० पौंड आहे. इथे प्रत्येक घोड्याला पासपोर्ट असतो आणि ऑक्टोबर २०२० पासून इंग्लंडमध्ये मायक्रोचिपही सक्तीची झाली आहे, पण पासपोर्टवर नाव असणे हा मालकीचा पुरावा मानला जात नाही. लोनवर नेलेला घोडा परस्पर विकून टाकल्याचे प्रकार इकडे घडतात, आणि मग प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्या तिसऱ्याच माणसाच्या दारात मूळ मालक उभा राहतो. याउलट, आडदांड घोडा वर्षभर राबून शहाणा करावा आणि तो शहाणा झाल्यावर मालकाने परत मागावा, ही तक्रारही तितकीच ऐकू येते.

मला खरा धक्का बसला तो १९७१ च्या अ‍ॅनिमल्स अ‍ॅक्टने. जनावराने कोणाला इजा केली तर त्याचा 'कीपर' जबाबदार ठरू शकतो, आणि हा कीपर म्हणजे केवळ मालक नव्हे. जनावर ज्याच्या ताब्यात आहे तोही. पुढे स्पष्ट लिहिले आहे की ताबा सोळा वर्षांखालील मुलाकडे असेल, तर त्या घरातील कुटुंबप्रमुखही कीपर. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस माझी लेक त्या घोडीला रस्त्यावरून नेत असताना, घरी भाकरी थापत उभी असलेली मीसुद्धा कदाचित त्या व्याख्येत बसत होते. आमच्याकडे तृतीय पक्षाचा विमा नव्हता, आणि असावा हे सांगणारे कोणी भेटलेही नव्हते.

शेवटी मी निम्मे पैसे दिले. आबांना ते मुळीच पटले नाही. "न ठरलेलं पैसं कशाला देतीस?" असे ते चार दिवस म्हणत राहिले. घोडी पुढे बरी झाली, लगाम परत मिळाला, आणि मालकिणीशी आता पावसापाण्यापुरते बोलणे आहे.

सध्या लेकीकडे दुसऱ्या मालकांचा एक म्हातारा, समंजस घोडा आहे. या वेळी ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या नमुना करारावरून आम्ही दोन पाने तयार केली. डॉक्टरांचे बिल कोणी भरायचे, लंगडत असेल त्या महिन्याचे पैसे द्यायचे का, कोणाचा विमा, किती दिवसांची सूचना, घोड्याला कायमचे झोपवण्याची वेळ आलीच तर निर्णय कोणाचा, हे सगळे त्यात आहे. शेवटचा प्रश्न लेकीसमोर वाचताना माझा आवाज बसला, पण नव्या मालकांनी तो शांतपणे लिहून घेतला. साक्षीदार म्हणून चालक बाईंनी सही केली. एक कलम मात्र नमुन्यात नव्हते. ते मी स्वतः घालायला लावले.

रविवारी आबांना व्हिडिओ कॉलवर सगळी कलमे मराठीत वाचून दाखवली. "चार माणसं नाहीत, पण एक तरी बसवलीस," म्हणून ते खूश होते. सातव्या कलमाशी मी थोडी घाईने पुढे जाऊ पाहत होते, पण त्यांनी थांबवले आणि पुन्हा वाचायला सांगितले. चराईची विजेची पट्टी मालकाच्या परवानगीशिवाय सरकवू नये, घोडा कितीही भुकेला दिसला तरी, असे ते कलम आहे. गेल्या एप्रिलात दोन गुरुवारी, लेक खोगीर आणायला गेलेली असताना, घोडी पट्टीपलीकडे मान ताणून बघते आहे हे मला पाहवले नव्हते, आणि मी खुंट्या उपटून सहा-सात पावले पुढे रोवल्या होत्या. असा आजार एका दिवसाच्या चरण्याने होतोच असे नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. मी मात्र त्यांना काही विचारले नव्हते आणि कुणाला काही सांगितलेही नव्हते.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पडद्यात डोकावून विचारले : "म्हंजे तूच सरकवलीस व्हय?"